देवळालीचे कापरेकर मास्तर

गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक उघडून पाहिले की ठरावीक आकडे दिसतात. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. नुसते शंभर देणारा विरळाच. वरचा एक रुपया जोडल्याशिवाय आपल्या माणसाचा हात खिशातून बाहेर येत नाही. बाप्पाला दूर्वा एकवीस, मोदक एकवीस, जपमाळेचे मणी एकशे आठ. आकड्यांशी आपले नाते असे देवघरापासून सुरू होते आणि शाळेत गणिताचा पेपर हातात पडला की तिथेच संपते. हे नाते ज्यांनी कधीच संपू दिले नाही, अशा एका मराठी शाळामास्तरांची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे आम्ही ठरवले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

जैनथच्या वाचकांनी हे नाव ऐकलेले असेल किंवा नसेल, पण आपल्या घरातली जी मुले संगणकाचे शिक्षण घेत आहेत त्यांना विचारून पाहा. प्रोग्रॅम लिहायला शिकताना पहिल्या काही महिन्यांतच कापरेकर स्थिरांक नावाचा एक सराव त्यांच्यापुढे येतो. आडनाव मराठी वाटले म्हणून काहींनी चौकशीही केली असेल. बहुतेकांना मात्र हे गृहस्थ नाशिकजवळच्या एका शाळेत शिकवत होते, हे माहीत नसते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली आणि वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते, पण नाद ज्योतिषाचा. पत्रिका मांडायची तर फार खोल गणित लागत नाही, पण आकडेमोड मात्र भरपूर. अंश, कला, बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि पुन्हा ताळा. आई नसलेल्या घरात वडिलांच्या शेजारी बसून या मुलाने ग्रहांचे काय घेतले ते सांगता येत नाही, पण आकडे मात्र उचलले. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना पावकी, निमकी, दीडकी पाठ असायची, ती काही परीक्षेसाठी नव्हे. तोंडात घोळवायला बरी वाटायची म्हणून. तशीच ही गोडी. पुढे ठाण्याच्या शाळेत शिकताना गणितातली कोडी सोडवण्यात या मुलाचे तासन्‌तास जात.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर होऊन आलेले र. पु. परांजपे याच महाविद्यालयाचे प्राचार्य होऊन गेलेले, आणि त्यांच्या नावाचे एक पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी हाती आली. त्यापुढे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. नोकरीचा हिशेब एवढाच, बत्तीस वर्षे आणि एकच गाव.

देवळाली म्हणजे लष्करी छावणीचे गाव. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सोल्जर इथल्या तळावर बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत, आणि कंटाळून त्यांची डोकी फिरत. त्यावरून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत डूलॅली म्हणायची रीत पडली. तो शब्द देवळालीवरूनच गेला आहे. अशा गावात एक मास्तर शाळा सुटल्यावर सायकलवरून शिकवण्यांना जाताहेत, मध्येच नदीकाठी बसून कागदावर आकडे मांडताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की गंमत वाटते. इंग्रजांचा शब्द त्यांना कोणी लावला होता की नाही, कोण जाणे. वेड मात्र खरेच होते, आणि ते वेड त्यांनी वर्गातल्या मुलांनाही लावले. पुस्तकातले गणित शिकवता शिकवता ते आकड्यांची गंमत पुढे करत आणि मुले तिच्या मागे जात.

आता ती गंमत थोडी पाहू. कागद-पेन्सिल घेऊन बसावे, ही वाचकांना विनंती. नुसते वाचून यातले काही हाती लागणार नाही.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. मास्तरांचे जन्मसाल घेऊ, १९०५. यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले तर ९५१० होतात, लहानाकडून मोठ्याकडे लावले तर ०१५९. वजाबाकी केली, ९३५१ आले. आता त्याचेच अंक तसेच लावा : ९५३१ वजा १३५९, उरले ८१७२. पुढे ८७२१ वजा १२७८, उरले ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७, म्हणजे ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, म्हणजे ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, म्हणजे ४१७६. मग ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. आणि आता ६१७४ चे अंक लावून पाहा. पुन्हा ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी इथे थांबली ती थांबलीच.

तुम्ही दुसरी कोणतीही संख्या घ्या. घराचा नंबर घ्या, मोटारसायकलचा घ्या. सातव्या वजाबाकीपर्यंत तुम्ही ६१७४ वर येताच. कोणी एका पायरीत येतो, कोणी तिसऱ्या, पण सातच्या पुढे कोणीच जात नाही. मास्तरांच्या जन्मसालाला पुऱ्या सात पायऱ्या लागल्या, हा योगायोग आम्हांला करून पाहताना सापडला आणि ज्योतिषाच्या घरातल्या मुलाला तो शोभूनही दिसतो. तीन अंकी संख्यांनाही असाच एक मुक्काम आहे, तो ४९५.

जैनथच्या घरांतली एक गोष्ट इथे आठवते. आपली मुले शाळेत तेलुगूतून नलभै ऐदु म्हणतात, म्हणजे आधी चाळीस आणि मग पाच. घरी आली की पंचेचाळीस म्हणतात, म्हणजे आधी पाच. आजीने पंचेचाळीस म्हटले की नातवंडाने ५४ लिहावे, हे अनेक घरांत घडून गेलेले आहे. कापरेकरांच्या खेळात त्या नातवंडाचेही काही बिघडत नाही. अंक कोणत्याही क्रमाने लिहा, मोठ्यापासून लहानापर्यंत लावले की संख्या एकच होते.

यात जादू नाही आणि मास्तरांनी ती आहे असे भासवलेही नाही. वजाबाकी नीट उलगडली तर दिसते की उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणायचे, दुसऱ्याला ९० ने, आणि दोन्हींची बेरीज करायची. १९०५ मध्ये मोठा अंक ९ आणि लहान ०, फरक नऊ. मधले ५ आणि १, फरक चार. म्हणजे ८९९१ अधिक ३६०, तेच ९३५१. असे फरकांचे जोड मिळून चोपन्नच होतात. म्हणून सुरुवातीच्या साऱ्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत चोपन्न संख्यांत येऊन बसतात. त्या चोपन्नांची वाट एका माणसाला, एका संध्याकाळी, पाटीवर तपासता येते. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. आम्हांला यातले हेच फार आवडते. शुद्ध गणित हे पैसेवाल्यांचे किंवा मोठ्या विद्यापीठांचेच काम आहे, हा समज या एका वजाबाकीने जातो.

कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले आणि न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ते छापून आले. 

६१७४ शिवायही त्यांचा संसार मोठा होता. मुलांची नावे ठेवावीत तशी ते संख्यांना नावे ठेवत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटले, आनंद देणारी. आपले २१ घ्या. दोन आणि एक तीन, आणि तिनाने एकविसाला भाग जातो. माळेचे १०८ घ्या. अंकांची बेरीज नऊ, आणि नऊ बारे अष्टोत्तरशे. दोन्ही हर्षद. रामानुजन आणि हार्डी यांच्या गोष्टीतला टॅक्सीचा प्रसिद्ध नंबर १७२९, तोही हर्षद निघतो. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. त्यातही १९ उलटे केले की ९१.

दुसरी त्यांची जात स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये एक आणि पाच, म्हणजे सहा मिळवा, २१ झाले. म्हणजे १५ हा २१ चा जनक. ५१ चा जनक ३९. पण २० चा जनक शोधायला जा, सापडत नाही. ३१ चा नाही, ४२ चा नाही, ५३ चा नाही. कोणीही न घडवता जमिनीतून वर आलेल्या गणपतीला आपण स्वयंभू म्हणतो. ज्या संख्येला जनकच नाही तिला कापरेकरांनी तेच नाव दिले. गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. आणि उलट बाजूला, ज्यांना एकाहून अधिक जनक आहेत अशाही संख्या आहेत. त्यांतली सर्वांत लहान कोणती, तर आपल्या पावतीपुस्तकातली १०१. एक्याण्णवात दहा मिळवले तरी १०१, शंभरात एक मिळवला तरी १०१. वर्गणीला वरचा एक रुपया लावणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते, पण आकडा त्यांनी चांगला निवडला होता.

तिसरी जात तर त्यांच्याच नावाने ओळखली जाते, कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, तीस आणि पंचवीस पंचावन्न. २९७ चा वर्ग ८८२०९, त्याचे ८८ आणि २०९. ७०३ चा वर्ग ४९४२०९, त्याचे ४९४ आणि २०९. २०२५ हे साल आपण सर्वांनी पाहिले, पण त्या वर्षी हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? असे साल यापुढे येईल ते थेट ३०२५.

आणि डेम्लो संख्या. हे नाव ऐकून कोणी परदेशी गणिती असेल असे वाटते. तसे काही नाही. मुंबईपासून तीसेक मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, त्याचे हे नाव. तेच आजचे डोंबिवली, असे सांगतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ एक मांडून वर्ग केला तर आकडे एकापासून नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. आदिलाबादहून नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्यांच्या वाटेत आधी देवळाली लागते, मग गाडी कसारा घाट उतरते आणि पुढे डोंबिवलीवरून जाते. जगाच्या गणिताच्या पुस्तकांत नाव गेलेली दोन स्टेशने आपल्या एकाच गाडीच्या रुळावर आहेत. पुढच्या खेपेला खिडकीशी बसलेल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल की अशा माणसाचे केवढे कौतुक झाले असेल. तसे झाले नाही. आपल्या देशातल्या अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या हिशेबाने मोजतो. आठ बोटे असती तर ६१७४ चे हे कौतुक राहिलेच नसते. संख्येचा मूळ स्वभाव वेगळा आणि ती लिहिण्याची पद्धत वेगळी, आणि कापरेकरांचे बरेचसे खेळ त्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. मोठा सिद्धांत त्यातून उभा राहत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण खेळ छोटा म्हणून खेळणारा छोटा, हे आम्हांला पटत नाही. ज्यांच्या लेखांना विद्यापीठाचा शिक्का होता त्यांतल्या कितींची नावे आज शाळकरी मुलाला सांगता येतील?

हसणाऱ्यांचे कापरेकरांनी फार मनावर घेतलेले दिसत नाही. मास्तरांच्या पगारात ते गणिताच्या परिषदांना जात, आपले निष्कर्ष मांडत. मोठ्या नियतकालिकांनी जे घेतले नाही ते लहान नियतकालिकांत देत, आणि तेही जमले नाही तर स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापून घेत. प्रकाशक म्हणून त्यांवर त्यांचेच नाव आणि पत्ता देवळालीचा. संसारी माणसाने पगारातून असा खर्च करणे घरच्यांना सोपे गेले नसणार. स्मरणिका छापणाऱ्या आम्हा मंडळींना छपाईचे बिल कळते, म्हणून हे जास्त जाणवते. आम्हांला जाहिराती तरी मिळतात.

शाळाकॉलेजांची बोलावणी मात्र त्यांना येत, आणि तिथे त्यांचा शब्द वाया जात नसे. पदव्यांच्या माणसांपुढे जे क्षुल्लक ठरे त्याने मुलांचे डोळे चमकत. रामानुजनांना हार्डी भेटला. कापरेकरांना पन्नास-साठ वर्षांत तसा कोणी भेटला नाही. त्यांना विद्यार्थी भेटले.

निवृत्तीनंतर चारच वर्षांनी, १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. पेन्शन तुटपुंजे, राहणी अगदी साधी, तरी भागेना. म्हणून साठी उलटलेले मास्तर पुन्हा गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करू लागले. अंकांचे काम मात्र थांबले नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांविषयी आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. ते सदर जगभर वाचले जाई. मास्तर तेव्हा सत्तरीचे. देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव परदेशांतल्या गणितप्रेमींच्या तोंडी गेले, आणि मग आपल्याकडेही लोकांना त्यात काहीतरी असावे असे वाटू लागले. बाहेरून शिक्का येईपर्यंत घरच्या माणसाला न ओळखण्याची आपली खोड जुनीच आहे.

१९८६ मध्ये कापरेकर गेले. आता त्यांचे नाव त्यांच्या संख्यांना कायमचे चिकटले आहे. चार अंकांच्या ऐवजी पाच, सहा, सात अंक घेतले तर काय होते, दहाऐवजी दुसऱ्या पायावर मोजले तर काय होते, यावर आजही लोक लिहितात. पाच अंकांना चारसारखा एकच मुक्काम मिळत नाही. गाडी काही संख्यांच्या फेऱ्यात सापडून गोल फिरत राहते. स्वयंभू संख्यांना अंत नाही.

त्यांचे निधनाचे साल आम्ही त्यांच्याच रीतीने मांडून पाहिले. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. वर जन्मसालाच्या वाटेत दुसऱ्या पायरीला जी संख्या आली होती तीच ही. तिथून दोन्ही सालांची वाट एकच होते आणि ६१७४ ला पोचते.

यंदा उत्सवात मुलांनी आपापले जन्मसाल असे मांडून पाहावे आणि कोणाला किती पायऱ्या लागतात ते एकमेकांना विचारावे. मध्येच तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य लावून अंक चारच ठेवा, नाहीतर हिशेब चुकेल. आज हयात असलेल्या कोणाचेही जन्मसाल यात अडकत नाही. अडचण येईल ती २२२२ साली जन्मणाऱ्यांची. त्यांची पहिलीच वजाबाकी शून्य येणार आहे.